डावा ब्राझील, उजवा ब्राझील

मी सातवी शिकलेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की या बाईला दहावीचा भूगोल शिकवायला कोणी सांगितलं होतं. कोणीच सांगितलं नव्हतं. आलापल्लीला लाकूड डेपोकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल आणि दाराशी एक बाकडं. शाळेचे ड्रेस शिवते, त्यामुळे पोरं मापाला येतात, आणि मापाला उभी राहिलेली पोरं फार बोलतात. हात वर कर म्हटलं की तोंड सुरू होतं.

माझं स्वतःचं शिक्षण झालं ते माझ्या मुलांच्या पुस्तकांवर. त्यांचा अभ्यास घेता घेता मीच दहावीपर्यंत पोहोचले. मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली, तरी दहावीचा भूगोल मी सोडला नाही. पुस्तक बदललं की कुणाचं तरी जुनं मागून घेते. त्यातला नकाशा मला पहिल्यापासून कळतो. कळणारच, तो खाकाच आहे, बाहेरच्या आकाराची रेघ. माणसाच्या अंगाचा खाका काढता येतो तसा देशाचा. कुठे फुगतो, कुठे आत जातो, कुठे टोक येतं, एवढंच तर बघायचं असतं.

आता दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील अशी जोडी आहे. भारत पोरांच्या ओळखीचा, शाळेच्या भिंतीवर रोज दिसतो. गाडी अडते ती ब्राझीलवर. म्हणून मी एकदा बकरमचा ब्राझील कापला. बकरम म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड. टेबलावर ठेवायचा आणि शिकवायचं: हा वरचा रुंद खांदा, इथून ॲमेझॉन वाहते आणि तोंडाशी माराजॉ बेट. इकडे समुद्राच्या बाजूला पोट पुढे आलंय, इथे दुष्काळाचा भाग. खाली कमरेशी रिओ. पोरं हसायची, पण विसरायची नाहीत. परीक्षा जवळ आली की संध्याकाळी चार-सहा जणं दाराशी चपला काढायची आणि टेबलाभोवती उभी राहायची. मला सगळे खाला म्हणतात, म्हणजे मावशी. हिंदू, मुसलमान, जंगलातल्या गावांतून आलेले, सगळ्यांचीच खाला.

बकरमची एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्याला सुलट-उलट नसते, दोन्ही अंगं सारखीच. म्हणून मी प्रत्येक ब्राझीलच्या उलट बाजूला खडूची फुली मारायचे. आम्ही शिलाईवाले तसंही कापडाच्या उलट अंगावर फुली मारतोच. पोरांना नियम एकच सांगितलेला. फुली खाली, मग शिका.

तर ही पोरगी. आलापल्लीपासून बसने दीड तास आत, तिथून पुढे पायी, असं तिचं गाव; आठवडी बाजाराला आली की माझ्याकडे शिकायला थांबायची. आदल्या वर्षी दहावीला बसली आणि बाकी सगळ्या विषयांत पास होऊन एका समाजशास्त्रात, म्हणजे इतिहास-भूगोलात, राहिली. पस्तीस पाहिजेत, पडले एकतीस. नकाशाची पुरवणी कोरीच बांधून आली होती. मला म्हणाली, "पेन लावाची हिंमतच नाई झाली, खाला. चुकीच्या जागी टिंब पडलं तं?" मी म्हटलं, "आणि टिंबच नाही पडलं तर कुठून बरोबर येईल?" ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी राहिली.

तिची आई माझ्याकडे एकदाच येऊन बसली होती, तेव्हाच सगळं सांगून गेली. सडपातळ बाई, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी. दरवर्षी ती मिरची तोडायला तेलंगणात जाते. मुकादम गावातून माणसं गोळा करून नेतो, दोन-अडीच महिने तिकडेच झोपड्यांत राहायचं. पोरीकडे बघून ती म्हणाली, "खाला, एक डाव तं मी तिले घरी ठेवलं. यंदा पास झाली तं गडचिरोलीले होस्टेलात टाकतो. नाई झाली तं पुढच्या साली मुकादमाले तिचं नाव देतो. मी एकटी किती तोडू?"

रागाने नाही म्हणाली हो. म्हणूनच जास्त लागलं. पोरगी तिथेच उभी राहून ऐकत होती, आणि आई म्हणते ते बरोबर आहे असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

परीक्षा मार्चात, आणि या वर्षी रोजेही त्याच महिन्यात. रोजे म्हणजे माझ्याकडे ईदचे कपडे. कुर्ते, सलवारी, लहान लेकरांचे जॅकेट, टेबलाखाली गठ्ठेच गठ्ठे. मार्च म्हणजे जंगलात मोह गळायचेही दिवस. पहाटे झाडाखाली गेलं नाही तर फुलं जनावरं खाऊन टाकतात. पोरगी आली आणि म्हणाली, "आता पंधरा दिवस येणं नाई होत, खाला. आईसोबत मोह वेचा लागते." पुस्तक होतं, पण त्यातली ब्राझीलची बरीच पानं, नकाशासकट, धाकट्या भावंडांनी कधीच फाडून टाकली होती. मी म्हटलं, थांब, तुला ब्राझीलच देते बांधून.

घाई होती. कुर्त्याच्या बाह्या कापायला घेतल्या होत्या, त्याच हाताने बकरम दुमडलं, जुना ब्राझील वर ठेवला, कात्री फिरवली. दोन ब्राझील निघाले. फुल्या मारल्या, एक तिला दिला, एक दुसऱ्या पोरांसाठी ठेवला. ठिकाणांची यादी लिहून दिली. "झाडाखाली बसून बॉलपेनाने लिही. अंगाच्या खुणा ध्यानात आहेत ना? खांदा, पोट, कंबर?"

"हो."

"आणि फुली?"

"फुली खाली."

ती बसमध्ये चढली आणि मी बाह्यांना लागले.

ते पंधरा दिवस माझं मन तिच्याकडेच असायचं. पहाटे उठले की वाटायचं, आत्ता ती टोपली घेऊन निघाली असेल. मोहाच्या दिवसांत वाघाच्या बातम्या येतात. दुकानात कोणी ना कोणी सांगतंच, अमक्या गावाकडे दिसला, तमक्या गावाकडे माणूस धरला. मी सुईत दोरा ओवता ओवता गावाचं नाव नीट ऐकून घ्यायची. तिचं नसलं की दोरा जायचा.

इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती आली. काळवंडलेली, हाताला मोहाचा वास, पण चेहरा उजळलेला. परीक्षेपुरतं माझ्याकडेच राहायचं ठरलं होतं. दिवसा माझ्यासमोर जेवायला लाजायची. "तुम्ही उपाशी आणि मी कशी जेवू?" मी म्हटलं, "रोजा माझा आहे, पेपर तुझा आहे. गप जेव." इतिहासाचा पेपर बरा गेला म्हणाली. भूगोलाला मध्ये दोन दिवस.

मी मशीनवर बसून प्रश्न विचारत होते, ती बाकड्यावर बसून उत्तरं देत होती. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात वस्ती विरळ का? म्हणाली, "जंगल दाट आहे. रस्ते नाई. पावसात जाता येत नाई. दवाखाना दूर. टावर नाई."

"टावर पुस्तकात नाही गं."

"पुस्तकात नसन, खाला. पण तिथं टावर नसनच ना."

मला हसू आलं, तीही हसली. म्हणाली, "आमच्याच गावाचं लिहिलं मी, नाव ॲमेझॉनचं टाकलं." मी म्हटलं, टावर गाळ, बाकी सगळं लिही. छान चाललं होतं. मग मी तिच्यासमोर छापील आराखडा ठेवला, परीक्षेत देतात तसाच, कोरा. भरून दाखव म्हटलं आणि शिलाईला लागले.

बराच वेळ पेनाचा आवाज नाही. बघते तर तिने तो कागद उलटा करून खिडकीच्या उजेडाला धरलेला. मागच्या बाजूने बघत होती.

"काय करतेस गं?"

"खाला, हा नकाशा उलटा छापला आहे. मागून पाह्यलं तं बरोबर दिसते."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, छापील नकाशा कसा उलटा असेल? मग तिने पिशवीतून तिचा ब्राझील काढून शेजारी ठेवला. बॉलपेनाने सुंदर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं. खांदा खांद्याच्या जागी, पोट पोटाच्या जागी, माराजॉ, रिओ, सगळं जिथल्या तिथे. फक्त पोट डावीकडे होतं. समुद्र डावीकडे. आरशात दिसावा तसा पूर्ण ब्राझील.

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "तू फुली वर ठेवून लिहिलंस."

"नाई खाला. फुली खालीच ठेवली."

"ठेवली नसशील. घाईत असशील."

"आईची शपथ, खालीच होती. रोज पाहत होती मी."

मी तो तुकडा पालथा केला. लिहिलेल्या बाजूच्या बरोबर मागे माझ्या हातची खडूची फुली. पंधरा दिवसांच्या हाताळण्याने पुसट झालेली, पण होती. तेव्हा मला त्या दिवशीच्या बाह्या आठवल्या.

कापड दुमडून बाह्या कापल्या की एक तुकडा डाव्या बाहीचा आणि एक उजव्या बाहीचा होतो. दुमडलेल्या कापडाची उलट अंगं बाहेरच्या बाजूला असतात, म्हणून फुली वरच्या तुकड्याच्या वरून मारायची आणि खालच्या तुकड्याच्या खालून. चाळीस वर्षं माझा हात तेच करतोय, डोकं लागतच नाही. त्या दिवशीही हाताने तेच केलं. बाह्यांना ते बरोबरच आहे, दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या तर कुर्ता वाया जाईल. पण मी डावा ब्राझील आणि उजवा ब्राझील कापून बसले, आणि डावा तिच्या पिशवीत घातला.

तिची वही मागितली. पानापानावर तेच. ब्राझीलच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर. ॲमेझॉन पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. दुष्काळाचा भाग वायव्येस. तिने घोकलं होतं ते मी दिलेल्या कापडाबरहुकूम, एकाही ठिकाणी न चुकता. नुसत्या नकाशाचेच मार्क असते तर गोष्ट वेगळी, इथे कारणं द्या, टिपा लिहा, सगळ्यांत दिशा शिरलेल्या. आणि पेपर परवा.

मी तिला सांगितलं. "चूक माझी आहे. तू बरोबर ठेवलंस, मीच फुली उलट मारली." वाटलं रडेल. तिने वहीची दोन पानं उलटली आणि म्हणाली, "म्हणजे सगळंच चुकलं?"

"सगळं नाही. पूर्व आणि पश्चिम तेवढी."

"तेवढी." असं म्हणून ती उठली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी मशीन चालवत राहिले. कुणाचा तरी कुर्ता होता, काय शिवला देव जाणे, दुसऱ्या दिवशी उसवावा लागला.

परत आली तेव्हा मी नवा ब्राझील कापायला बकरम काढत होते. तिने हात धरला. "नको खाला. नवीन नको. डोक्यात दोन-दोन होतीन." मग तिने स्वतःच छापील आराखडा टेबलावर चिकटवला, वहीत जिथे पूर्व तिथे पश्चिम, जिथे पश्चिम तिथे पूर्व असं लाल पेनाने करत गेली. मी मागून एकेक विचारत होते. दहापैकी सात बरोबर यायची, तीन वेळा जीभ जुन्याच बाजूला जायची. मग तिचं तिलाच कळायचं आणि ती ओठ चावायची. दुसऱ्या दिवशी दुपारी दहापैकी आठ. संध्याकाळी परत सात. थकली होती. माझाही घसा कोरडा, पाणी प्यायचं नाही, तरी बोलतेच आहे.

शेवटी मी म्हटलं, जेवायचा हात कोणता? उजवा. त्या हाताला समुद्र. सूर्य तिथूनच निघतो. मोहाला जाता तेव्हा सूर्य कुठून येतो बघता ना, तसा ब्राझीलवाल्यांना तो समुद्रातून येतो. हे तिला जरा पटलं. पण मला नव्हतं पटलं. माझी धाकधूक जात नव्हती. म्हणून मी अजून एक शहाणपणा केला. तिच्या कुर्त्याच्या उजव्या बाहीच्या आतून निळ्या दोऱ्याची चार टाक्यांची ओळ घातली. समुद्राची खूण. विसरली तर बाही दुमडून बघेल.

पेपरच्या दिवशी मी तिला सोडायला केंद्रावर गेले. फाटकाशी पोरांची झडती चालली होती. खिसे, बाह्या, मोजे. एका मुलाच्या तळहातावर पेनाने काही लिहिलेलं होतं, त्याला सरांनी नळाकडे पाठवलं आणि असे काही बोलले की तो पोरगा लालबुंद. मी तिच्या बाहीकडे बघितलं. हे कोणाला दिसलं तर? निळे टाके कसले, विचारलं तर ती काय सांगेल, ब्राझीलचा समुद्र? या पोरीला खोटं बोलता येत नाही. नकाशात नाही तर फाटकातच तिची परीक्षा जायची, आणि तीही माझ्याच हाताने.

मी तिला रांगेतून ओढून बाजूला घेतलं. कात्री नव्हती. दातांनीच टाका तोडला, दोरा ओढून काढला. आजूबाजूच्या बाया बघत होत्या, ही म्हातारी पोरीच्या बाहीला काऊन चावून राह्यली.

"काढला तं काढला," ती म्हणाली. "मले याद आहे."

"नक्की?"

"खाला, तुम्ही घाबरता तं मलेबी भेव लागते. तुम्ही घरी जा ना."

मी घरी गेले नाही. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसून राहिले. अकरा ते एक. ऊन चढत गेलं. दोन तासांत मी मनातल्या मनात पूर्ण पेपर सोडवला आणि तिच्यातर्फे तो चार वेळा चुकवला. घंटा झाली, पोरं बाहेर आली, उड्या मारत, शेवटचा पेपर संपला म्हणून. ती सगळ्यांच्या मागून आली.

"कोणता नकाशा आला?"

"ब्राझील."

"भरला?"

"भरला. सूचीबी केली. धाग्यानं बांधून दिली." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "एक टिंब टाकलं, मग वाटलं तिकडे पाह्यजे, मग खोडलं, मग परत पह्यल्याच जागी टाकलं. आता नाई सांगता येत."

दुसऱ्या दिवशी ती गावाला गेली. नंतर ईद झाली, उन्हाळा तापला, विडीच्या तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली. निकाल लागणार त्या दिवशी मी सकाळपासून शेजारच्या सुनेला बसवून ठेवलं. तिच्याकडे मोठा फोन आहे. पोरीचा परीक्षा क्रमांक मला तोंडपाठ. दुपारी एक वाजता तिने तो टाकला आणि विचारलं, "आईचं नाव?"

"कोणाच्या?"

"पोरीच्या आईचं नाव टाकल्याशिवाय निकाल नाही दिसत, खाला."

मला माहीत नव्हतं. ती बाई माझ्या घरी बसून गेली, मी तिला बाई म्हणायची, ती मला खाला. नाव विचारायची वेळच आली नाही. पोरीच्या गावात टावर नाही हे तर मी ॲमेझॉनच्या उत्तरातच ऐकलं होतं. एका हाताच्या अंतरावर निकाल आणि मी नुसती बघते आहे. दोन वाजले. सुनेचं घरचं काम राहिलं होतं, पण ती बिचारी उठली नाही.

तीनच्या सुमारास दारात पोरीची आई. तेंदूची पानं गोळा करतात त्या फडावरून तशीच आलेली, बोटं काळी पडलेली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "काय झालं, खाला? पोरगी तिकडे फडावरच आहे, पानं मोजून द्याची होती. म्हणून मीच आली."

"बाई, तुमचं नाव काय?"

ती दचकली. वाटलं असेल या बाईला उन्हाचं काही झालं. नाव सांगितलं. सुनेने टाकलं. फोनवर गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग पान उघडलं. मी चष्मा पुसला. समाजशास्त्र, अडतीस.

"पास?" आईने विचारलं.

"पास."

ती बाकड्यावर बसली. पाणी मागितलं, पूर्ण लोटा प्यायली. मग म्हणाली, "ब्राझीलचे किती भेटले?" म्हणजे पोरीने घरी सगळं सांगितलं होतं, माझ्या फुलीसकट. मी म्हटलं, ते वेगळे लिहून येत नाहीत. बरोबर आला की चुकला ते आता कोणालाच कळायचं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तुमची काळजी राह्यलीच म्हणा."

होस्टेलचा फारम कधी, दाखले कोणते लागतात, हे तिने विचारलं आणि मला सगळंच सांगता आलं नाही. जातीचा दाखला काढला आहे का विचारलं तर म्हणाली, कागद दिले होते, पुढचं माहीत नाही. झालं, माझ्या जिवाला नवा घोर. तेवढ्यात परतीच्या बसचा हॉर्न वाजला. ती पदर खोचून धावली. पोरीला आज सांगायचं तर हीच बस गाठायला हवी होती. मी मागून माझ्या चालीने रस्त्यापर्यंत गेले. बस हलली होती. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"किती म्हणलं, खाला?"

"अडतीस!"

"कितीतून?"

"शंभरातून!" मी ओरडले. स्टॉपवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिने मान हलवली आणि डोकं आत घेतलं, आणि बस लाकूड डेपोच्या वळणाला लागली.